उन्हाळ्यात मस्कतला कोण जातं?

धाडसी माणसांकडे फार तर एखादा किस्सा असतो, आणि तोही ती धड सांगत नाहीत. किस्से साठतात ते आमच्यासारख्या घाबरटांकडे! आम्ही सावध राहायला जातो आणि नेमकं तिथंच सगळं घडतं. म्हणूनच उन्हाळ्यात गच्चीवर पापड लाटायला बायका जमल्या, की पिठाला हात लागायच्या आत कुणीतरी म्हणतं, “हं, ते मस्कतचं सांग की!”

तर सांगते. आमचे थोरले भावजी मस्कतला नोकरीला. त्यांनी मे महिन्यात आम्हा तिघांना बोलावलं. मला, ह्यांना आणि चार वर्षांच्या अनूला. सोलापूरचा मे पुरत नव्हता जणू! हे खूश झाले. मला मात्र आदल्या उन्हाळ्यातला दवाखाना आठवला. एका लग्नात अनू मांडवातलं पाणी प्यायली आणि चार दिवस सलाईनवर होती. शीर सापडेना म्हणून तीनदा सुई टोचली, तर तिसऱ्यांदा ती रडलीसुद्धा नाही. ते तिचं न रडणं माझ्या डोक्यातून काही जाईना. परदेशात पुन्हा तसं झालं तर?

“तर तिथंही दवाखाने आहेत,” हे म्हणाले. पुरुषांना किती सोपं असतं!

* * *

तेव्हा परदेशी जायचं तर पुन्हा देवी काढून घ्यायच्या, कॉलऱ्याची सुई घ्यायची आणि लशींच्या पिवळ्या पुस्तकात तशी नोंद करून वर म्युनिसिपालटीचा शिक्का घ्यायचा. मी आधीच वहीत तक्ता आखला. सुईनंतर अनूचा ताप दिवसातून चार वेळा बघायचा आणि लिहायचा.

सुई आम्हा दोघींनी एकदमच घेतली. अनू घरी येऊन लंगडी खेळली. मी तीन दिवस अंथरुणात! दंड सुजला, अंग तापलं. अनू थर्मामीटर घेऊन दर तासाला हजर. “तोंड बंद. बोलायचं नाही.”

ह्यांनी वही उघडली आणि शांतपणे म्हणाले, “तक्ता वाया नाही गेला. वरचं नाव तेवढं खोडतो.”

* * *

मग विमा. सात रस्त्याच्या चौकात ऑफिस असलेले आमचे विमा एजंट, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, ते अपघाताची पॉलिसी घेऊन घरी आले. सासूबाई अक्कलकोटकडच्या. विमा म्हणजे काय ते त्यांना पहिल्यापासून ऐकायचं होतं.

अण्णा वाचू लागले, “एक हात गेल्यास निम्मी रक्कम...”

“ब्याड ब्याड!” सासूबाई ओरडल्या, म्हणजे नको नको. राग आला की त्यांची कानडी आधी बाहेर येते. ताडकन उठल्या, मीठमोहऱ्या आणल्या, अनूची दृष्ट काढली, मोहऱ्या शेगडीत टाकल्या आणि परत येऊन बसल्या. “हं. वाच पुढं.”

“एक डोळा गेल्यास...”

पुन्हा मीठमोहऱ्या! सातव्या कलमापर्यंत घरभर धूर झाला आणि अण्णांना ठसका लागला. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “हे गेलं तर काय, ते गेलं तर काय! पोरगी धड परत आली तर काय देणार, ते लिव्हलंय का कुटं?”

अण्णांनी सगळे कागद चाळले. तसं कलम नव्हतं.

ते निघाले तेव्हा मी हळूच विचारलं, “अण्णा, नुसत्या भीतीचा विमा असतो का हो?”

“असतो तर,” अण्णा डोळे पुसत म्हणाले, “पण वहिनी, तुम्हाला कोणतीच कंपनी घेणार नाही!”

* * *

पाणी बदललं की पोर आजारी पडतं, असं सासूबाईंचं ठाम मत. त्यात माझी भर! पंधरा दिवसांचं पाणी उकळून बरोबर न्यायचं असं आम्हा दोघींचं ठरलं. सासू-सुनेचं एकमत झालेला आमच्या घरातला हा पहिलाच प्रसंग. पत्र्याचे दोन डबे घासून, भरून दारात ठेवले.

मंद्रूपहून दूध घेऊन येणाऱ्या गौराबाईंनी विचारलं, “ह्ये काय हाय?”

“मस्कतला न्यायचं पाणी.”

गौराबाईंनी डोक्यावरची चरवी खाली ठेवली. “आवं, हितं घागरभर पान्यासाठी आमी कोसभर चालतोय, आन् तुमी इमानातनं पानी धाडायला लागलाव व्हय? लई झालं की!”

डबे परत आत गेले. ते पाणी गौराबाईच घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “ग्वाड नव्हतं. करपल्यावानी लागत हुतं.”

* * *

विमानात मी हवाईसुंदरीकडे अनूसाठी उकळलेलं पाणी मागितलं. तिनं हसून आणून दिलं. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत विचारलं, “किती मिनिटं उकळलंय?”

ह्यांनी चेहऱ्यासमोर पेपर धरला.

तीही मराठीच निघाली. म्हणाली, “बाई, मुंबई सोडल्यापासून उकळतंय. आता मस्कत यायला आलं.”

* * *

मस्कतला उतरलो तर भट्टीचं दार उघडल्यासारखी हवा! मी सज्ज होते. कांदा, कैरीचं पन्हं, पांढरी टोपी, मीठसाखर, आणि उन्हापासून कसं जपायचं याचे सत्तावीस नियम लिहिलेली वही.

भावजींच्या घरात शिरलो आणि दात वाजायला लागले. खोलीखोलीत एअरकंडिशनर! तिसऱ्या दिवशी अनू सर्दीनं फुरफुरत होती. मी वही पुन्हा पुन्हा चाळली. सत्तावीस नियमांत सर्दी नव्हती!

जाऊबाईंना द्यायला सासूबाईंनी बळंच सोलापुरी चादरी बांधून दिल्या होत्या. त्या सोडल्या आणि बाहेर रस्ता वितळत असताना आम्ही पाचही जण चादरी पांघरून बसलो. जाऊबाई म्हणाल्या, “इथं आजारी पडायला बाहेर जावंच लागत नाही बघ!”

मी सासूबाईंना सगळं पत्रानं कळवलं. मला वाटलं, सर्दीवर काढा सांगतील. उत्तर आलं, “वापरलेल्या चादरी थोरलीला देऊ नकोस. बरं दिसत नाही.”

* * *

निघायच्या आदल्या दिवशी भावजींनी समुद्रावर नेलं. तोवर अनूची सर्दी बरी झाली होती, पण तिला माझं वळण लागलं होतं. कुणीही पेला पुढं केला, की ती आधी विचारायची, “उकळलंय?” भावजींच्या साहेबांच्या बायकोलासुद्धा विचारलं होतं.

समुद्र ती पहिल्यांदाच बघत होती. हे आणि भावजी गुडघाभर पाण्यात उभे राहून तिला हाका मारत होते. मी तिला धरून वाळूत उभी. पाणी कसलं असेल, नाकातोंडात गेलं तर काय, उद्या विमानात ताप चढला तर काय, सगळं मनात चाललेलं.

एक लाट आली आणि अनूच्या पावलांवरून गेली. तिनं पाय मागं घेतला. मग परत पुढं टाकला, बोटं हलवून बघितली. मे महिन्याचं पाणी, चांगलं कोमट होतं! तिनं लांब क्षितिजापर्यंत नजर टाकली आणि मग वळून माझ्याकडे बघितलं. तसं कौतुकानं आजवर माझ्याकडे कुणी बघितलेलं नाही.

“आई,” ती म्हणाली, “हे एवढं सगळं तू उकळलंस?”

“हो,” मी म्हटलं. “आत्ताच उतरवलंय. जा!”