पायरीवरची शांताताई

माझ्या बापाचा माझ्या बहिणीवर काडीचा विश्वास नव्हता.

आज सकाळी ताई गेली. घरात माणसं बसली आहेत, आणि मला राहून राहून सत्तरच्या दशकातला तो एकच दिवस आठवतोय. म्हणून लिहिते.

आम्ही शेलूबाजारचे. बौद्ध वस्तीतलं घर. बाबा सरकारी ऑफिसात क्लार्क. ताई कॉलेजसाठी मंगरूळला जायची आणि येताना भाड्याच्या लायब्ररीतून पुस्तक आणायची.

करमणूक म्हणजे तेवढीच. ती वाचणार, मग मी, मग आई आमच्याकडून वाचून घेणार.

पण त्याआधी बाबांची तपासणी.

आधी कव्हर. मग शेवटचं पान. शेवटी मुलगी घरातून पळाली असेल तर पुस्तक उद्याच्या उद्या वापस.

"कोन देते तुले हे असे पुस्तकं?"

"कोनी नाही देत बाबा. मीच पाहून आनतो."

बाबांना हे पटायचं नाही. कारण पुस्तकं येत होती तीही विचित्रच. एकदा शिकारकथा. एकदा पापड-लोणच्यांचं. एकदा तर दुसरा भाग, पहिल्याचा पत्ता नाही.

"हे तू निवडलं?"

"हो."

"काहून?"

ताई पुस्तक उचलून आत निघून जायची.

त्यात शेजारच्या काकूंनी भर घातली. म्हणे, तुमची शांता त्या पुस्तकाच्या दुकानासमोर लय वेळ उभी राह्यते, आमच्या पोरानं पाह्यलं.

झालं. बाबांच्या डोक्यात किडा शिरला. कोणीतरी पोरगा आहे. पुस्तकं तोच देतो.

एका शनिवारी ताई सकाळच्या एसटीनं गेली. मागच्या जीपनं बाबा निघाले, मला सोबत घेऊन. कोणी विचारलं तर पोरीला दवाखान्यात नेतोय असं सांगता यावं, म्हणून!

लायब्ररीसमोरच्या चहाच्या टपरीवर आम्ही आडोशाला बसलो.

ताई आली.

पोरगा नव्हता.

ताई दुकानाच्या पायरीशी थांबली. खालीच, उन्हात. आतमध्ये तिच्याच वयाच्या मुली पुस्तकं काढत होत्या, चाळत होत्या, हसत होत्या.

ताईनं जुनं पुस्तक दाराजवळच्या स्टुलावर ठेवलं आणि हात मागे घेतला.

"काका, ते निळ्या कव्हरचं द्या न."

दुकानदारानं वरसुद्धा पाहिलं नाही. हाताशी होतं ते एक पुस्तक उंबऱ्यावर टाकलं.

"हेच ने. चांगलं हाय."

मला काही समजलं नाही. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी अर्धा चहा तसाच बाकड्यावर ठेवला.

बाबा उठले. रस्ता ओलांडून थेट पायरी चढून आत, मी त्यांच्या मागे.

"शांते, आत ये."

ताई पांढरीफटक. "बाबा, तुमी?"

"आत ये म्हनतो."

दुकानदार म्हणाला, "गर्दी हाय आत. बाहेरून द्याचा नियम हाय आमचा."

"या पोरीइले नाही का नियम?"

तो वहीत पाहू लागला.

ताई आत आली. कपाटाजवळची एक मुलगी बाजूला सरकली. तिनं जागा करून दिली की अंग चोरलं, मला आजही सांगता येत नाही.

ताईनं आधी काही उचललंच नाही. नुसती बोटं फिरवत राहिली पुस्तकांवरून. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"आटपा," दुकानदार.

"पाहू द्या तिले," बाबा.

शेवटी तिनं ते निळं काढलं.

"हे तुले झेपनार नाही," दुकानदार म्हणाला.

"नाही झेपलं तं वापस आनतो," ताई म्हणाली. "आत येऊन ठेवतो."



घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "काहून सांगतलं नाही मले?"

"सांगतलं असतं तं तुमी भांडले असते. मंग पुस्तकं बंद झाले असते."

आणि म्हणाली, "आन तुमी मले इचारलं कुठी बाबा? तुमी तं पुस्तकालेच इचारत होते."

बाबा उठून मोरीवर गेले. बराच वेळ तोंड धूत राहिले.

पुढच्या आठवड्यात तेच झालं ज्याची ताईला भीती होती. दुकानदारानं तिचं सभासदत्व बंद केलं. कारण काय, तर म्हणे हिनं पानं फाडली.

आणि ज्या माणसानं तिच्या प्रत्येक पुस्तकावर संशय घेतला, त्यानं त्या दिवशी तिला एकदाही विचारलं नाही, की फाडली का गं?

बाबा फक्त म्हणाले, "उद्या वाशिमले जाऊ."

वाशिमच्या रद्दीवाल्याकडे पुस्तकांचा ढीग असायचा. बाबा कडेला पेपर पसरून बसले आणि ताई ढिगात घुसली. धूळ, शिंका, आणि तोंडावर असं हसू, जे मी घरात कधी पाहिलं नव्हतं.

मग दर महिन्याला हेच. घरातली लोखंडी पेटी भरली. वस्तीतल्या बाया पुस्तक मागायला दारात येऊन थांबायच्या, तर ताई चिडायची.

"आत या. हात लावून पाहा. मंग न्या."

पुढे ती केनवडला मास्तरीण झाली. लग्न, पोरं, रिटायरमेंट. पण दुसऱ्यानं निवडून दिलेल्या गोष्टीवरचा तिचा संशय काही गेला नाही. कोणी पुस्तक भेट दिलं तर आधी विचारायची, "हेच काहून देल्लं?"

परवा नातवानं आजारपणात तिला करमावं म्हणून टीव्ही लावून दिला. स्क्रीनवर आलं, 'खास तुमच्यासाठी निवडलेले चित्रपट'.

ताई उशीवरून उठून बसली.

"याले कोनं सांगतलं, मले काय आवडते थे?"

रिमोट घेतला. सगळी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. नातू कंटाळून निघून गेला. मी बसून होते.

एक पिक्चर लावला. अर्धा पाहिला.

"कसा आहे गं?" मी विचारलं.

"बेकार हाय," ती म्हणाली. "पन मी लावला न. राहू दे चालू."

ये ताई.

जय भीम.