विहीणबाईंना शहर दाखवलं तो दिवस

आदल्या संध्याकाळी मुलगा स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "अम्मा, उद्या त्यांच्याशी इंग्लिशमध्येच बोल. उगाच हसायला नको कुणी."

त्या म्हणजे त्याच्या सासूबाई, माझ्या विहीणबाई. पुण्याहून पहिल्यांदाच आमच्या अड्यारच्या घरी आल्या होत्या. आम्ही तंजावरकडचे मराठी. कित्येक पिढ्या तमिळ मुलखात गेल्या, मी शाळेत तमिळ शिकले, पुढे बत्तीस वर्षं गणित शिकवलं तेही तमिळमधूनच. मराठी फक्त घरात बोलायची. ती जुनी आहे, हेल तमिळ आहे, हे मला ठाऊक आहे. पण लाज वाटावी असं तिच्यात काय आहे? रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या मी ठरवलं, उद्या इंग्लिशचा एक शब्द बोलायचा नाही.

सकाळी एग्मोरच्या संग्रहालयात गेलो. देवमाशाच्या सांगाड्याखाली उभ्या राहून विहीणबाई म्हणाल्या, "बापरे, केवढा हा!"

मी म्हटलं, "त्या बाजूनं फिरूनशान बघा, आणखी मोठा दिसेल."

"फिरूनशान!" त्या खळखळून हसल्या. "फिरून म्हणायचं हो, नुसतं फिरून. किती गोड बोलता तुम्ही!"

मुलगा घाईघाईनं म्हणाला, "चला, ब्राँझचं दालन बघू."

तिथंही तेच. मी एका नटराजाकडे बोट दाखवून 'बरवा आहे' म्हटलं, तर त्यांनी 'सुरेख' म्हणायला शिकवलं. बाई वाईट नव्हत्या. आपण मदत करतोय असंच त्यांना वाटत होतं. मला मात्र प्रत्येक शब्दाला कुणीतरी वहीवर लाल रेघ ओढतंय असं वाटत होतं, आणि लाल रेघा ओढण्यात तर माझा जन्म गेलेला.

जेवून गिंडीच्या सर्पोद्यानात गेलो. एक माणूस कट्ट्यावर उभा राहून तमिळमध्ये सापांची माहिती सांगत होता. विहीणबाईंनी जावयाला विचारलं, "काय म्हणतोय तो?" मुलगा दोन वाक्यं बोलला आणि अडखळला. "म्हणजे... त्याचं ते व्हेनम... स्किन..." पुढे त्याला मराठी सुचेना. त्याचे कान लाल झाले.

मग मीच सांगू लागले. कुठल्या सापाला वीख असतं, कुठल्याला नसतं, चावल्यावर काय करायचं नाही. शेजारी महाराष्ट्रातून आलेलं एक कुटुंब उभं होतं, तेही सरकून जवळ आलं.

"वीख नाही हो, विष," विहीणबाई म्हणाल्या.

"आमच्या घरात वीखच म्हणतात," मी म्हटलं. "तुम्हाला कळलं ना?"

"कळलं, पण..."

"मग झालं. शाळा नाही, पुस्तक नाही, दाराबाहेर बोलायला माणूस नाही, तरी आम्ही ही भाषा सांभाळली. ती तुमच्यासारखी नाही. ती तशी होणारही नाही."

मुलगा पुटपुटला, "अम्मा, पुरे."

"पुरे नाही," मी म्हटलं. "तो अजून सांगतोय. ऐका."

आणि शेवटपर्यंत सांगितलं. आवाज मी खाली आणला नाही. त्या कुटुंबातल्या लहान मुलीनं मला तीन प्रश्न विचारले आणि माझं एकही उत्तर समजायला तिला अडचण आली नाही.

घरी आल्यावर मुलगा चिडला. "काय गरज होती? त्या पाहुण्या आहेत."

"पाहुण्या आहेत म्हणून तर दिवसभर ऐकून घेतलं," मी म्हटलं. "आणि तुला बोलता आलं असतं तर मला बोलावंच लागलं नसतं."

तो दार लोटून आत गेला.

विहीणबाईंनी माफी मागितली नाही, मीही नाही. आता त्या दर रविवारी फोन करतात. अधूनमधून अजूनही एखादा शब्द सुधारून देतात. मी ऐकून घेते आणि पुढच्याच वाक्यात माझाच शब्द पुन्हा वापरते.