दुसऱ्या भागाचे कट्टर विरोधक

कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत आम्ही संध्याकाळी गोळीबाराचा खेळ खेळायचो. सगळे एकाच आखाड्यात, जो जास्त जणांना मारेल तो जिंकला. आमच्यात पोस्टातले एक कारकून असत. चपला दाराशी काढून, कॉम्प्युटरला नमस्कार करून बसत. खेळात मेले की पाहुण्यासारखे म्हणत, "चला, येतो." शेवटचा नंबर कायम त्यांचाच.

मग खेळाचा दुसरा भाग आला. पोरं खूश. मालक म्हणाला, "जुना काढून टाकतो, दोन्ही मावत नाहीत."

कारकून उठून उभे राहिले. "नव्यात नुसता झगमगाट आहे. बंदूकच नेम धरते, मग माणसानं करायचं काय?"

"काका, तुम्ही खेळलात तरी का?"

"एक डाव खेळतो. मग ठरवा."

आणि काय सांगू, ते चक्क जिंकले! आम्ही टाळ्या पिटल्या. मला वाटलं, मिटला विरोध. त्यांनी मात्र पडद्याकडे बघत खिन्नपणे मान हलवली.

"बघा. मीसुद्धा जिंकतो, म्हणजे या खेळात काही राहिलंय का?"

जुना खेळ काढायला सरसावलेल्या मालकानं हात मागे घेतला. जुना खेळ वाचला. दुसऱ्या दिवशी दाराशी चपला निघाल्या आणि थोड्याच वेळात कोपऱ्यातून तृप्त आवाज आला, "चला, येतो."