शेवटचा टप्पा आणि पंख्यातल्या अक्षता

मागच्या दसऱ्याला तुमचे आजोबा विमानाने तुमच्याकडे यायला निघाले, हे तुम्हा दोघांना माहीत आहे. विमान संगणकातलं आणि छोटंसं होतं, पण यांचा गंभीरपणा खरा होता. पायातल्या रक्ताच्या गाठीनंतर डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला, तेव्हा यांनी तुमच्यातल्या मोठीला फोनवर शब्द दिला होता की मी टोरांटोला येईन आणि स्वतः चालवत येईन. तिने विचारलं, तिळाची गजक आणाल का. हे म्हणाले, आणीन.

दसऱ्याचा मुहूर्त धरण्याला कारण होतं. आपल्याकडे नवमीला हत्यारांची पूजा करायची आणि दसऱ्याला गावाची वेस ओलांडायची. आपली तलवार वाटण्यांमध्ये केव्हाच धाकट्या घराकडे गेली. आमच्या वाट्याला आलेली हत्यारं म्हणजे माझं शिवणाचं मशीन, यांची वीज खात्यातल्या नोकरीपासूनची पक्कड आणि आता संगणक. मी हळदकुंकू लावते. फुलं आणि अक्षता वाहतात हे, आणि त्यात कधी हात आखडत नाहीत. दुसऱ्या दिवशी संगणकातच आपल्या ग्वाल्हेरच्या, मुरारपलीकडच्या विमानतळावरून उडायचं आणि शहराची हद्द ओलांडून परत यायचं, असा यांचा काही वर्षांचा शिरस्ता होता. या वेळी परत आले नाहीत. पुढेच गेले.

रोज संध्याकाळी चहानंतर एक टप्पा. वाळवंट झालं, समुद्र झाला, युरोपातली लहान लहान गावं झाली, आइसलंड, ग्रीनलंड झालं. मी शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि उतरण्याआधी तपासायच्या गोष्टी शाळेतल्या डिक्टेशनसारख्या मोठ्याने वाचायचे. मी ‘फ्लॅप्स’ म्हटलं की हे ‘हूं’ म्हणायचे. इथे थंडी पडून गजक दुकानात येऊ लागली तेव्हा आम्ही तुमच्याच तळ्याच्या टोकाला, किंग्स्टनला पोचलो होतो. एकच टप्पा उरला होता.

तो होईना. तळ्यावरून येताना तुमच्या शहराच्या उंच इमारती दिसू लागल्या की चित्र आधी धक्के खात चालायचं, मग जागीच गोठायचं आणि शेवटी सगळंच बंद पडायचं. पुन्हा किंग्स्टन, पुन्हा तेच. मोठी रविवारी फोनवर विचारायची, "आजोबा, आज?" आणि हे सांगायचे, हवा खराब आहे. काही रविवार हवा खराब राहिली. मग एका संध्याकाळी हे चहा घेऊन सरळ वर्तमानपत्राकडे गेले. जॉयस्टिकवर टॉवेल टाकलेला दिसला. चार-सहा दिवसांनी मोठीचा फोन आला तेव्हा हे गच्चीवर होते, आणि गच्चीवर त्यांचं काहीही काम नव्हतं. पायऱ्या चढायच्या नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तेव्हा मी हे प्रकरण हातात घेतलं.

मी आयुष्यभर मुलींना रसायनशास्त्र शिकवलं. बिघाड झाला की आधी बघायचं, मग हात लावायचा. संगणकात एक खिडकी उघडते, तिच्यात मेमरी किती भरली आणि प्रोसेसर किती वेगाने चालला आहे हे दिसत राहतं. तुमच्यासाठी सोपं करून सांगते. मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. ओटा लहान असला की प्रत्येक डब्यासाठी कोठीच्या खोलीत जावं लागतं आणि गॅसवरचं तसंच राहतं. ओटा मोठा आहे पण बाई दमलेली आहे, तरी जेवायला उशीरच. आमच्याकडे नेमकं काय झालं होतं, हे कळायला हवं होतं.

यांना बाबापुता करून एकदा पुन्हा उडायला बसवलं आणि त्या खिडकीवर डोळा ठेवला. तळं आलं तशी मेमरी काठोकाठ भरली. पण प्रोसेसरचा वेगही टप्प्याच्या सुरुवातीपासून हळूहळू घसरत अर्ध्यावर आला होता. म्हणजे ओटाही भरलेला आणि बाईही बसलेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही नया बाजारात गेलो. दुकानदार मन लावून ऐकणारा निघाला. मेमरी आत्ता सोळा जीबी आहे, ती बत्तीस करा, असं त्याने सांगितलं. जुन्या पट्ट्यांच्या जोडीला नव्या लावण्यापेक्षा जुन्या काढून एकाच जोडीच्या नव्या घाला, म्हणजे आपसात भांडणार नाहीत. प्रोसेसरही याच बोर्डावर बसेल असा, जास्त दमाचा, त्याच्याकडे होता. विमानाच्या खेळाला तो फार मानवतो म्हणाला. "अंकल, दोनों एक साथ करा लो। फुरसत हो जाएगी।"

यांची मान लगेच हलली. मी म्हटलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन्ही बदलल्या आणि गुण आला, तर कशाने आला हे कसं कळणार?

"ही तुझी प्रयोगशाळा नाही," हे म्हणाले.

"नाहीच. तिथे मुली ऐकायच्या."

दुकानदार हसू दाबत मेमरीचं पाकीट शोधू लागला. मेमरी घ्यायची आणि प्रोसेसरचं आठवडाभराने बघायचं, असं ठरलं. संगणकाचं कॅबिनेट दुकानात आणायला मात्र हे तयार होईनात. आपल्या रस्त्यांवर ई-रिक्षातून माणसांचे सांधे निखळतात, यंत्राचं काय होईल, म्हणाले. घरीच बसवू.

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली, कॅबिनेट आडवं केलं. यांनी स्क्रू काढून एका वाटीत ठेवले, बाजूचा पत्रा उचलला आणि आत वाकून बघितलं.

"अगं, इकडे ये. आणि हसू नकोस."

प्रोसेसरच्या डोक्यावर पातळ पत्र्यांची एक फणी असते, तिच्यावर पंखा. त्याने प्रोसेसर थंड राहतो. आमची फणी झेंडूच्या वाळक्या पाकळ्यांनी गच्च भरली होती. त्यांच्यावर धुळीचा नमद्यासारखा जाड थर बसला होता आणि पत्र्यांच्या मधे अक्षता, कुंकवाने गुलाबी झालेल्या, ओळीने लावल्यासारख्या अडकल्या होत्या. कॅबिनेटच्या माथ्यावर हवेसाठी जाळी आहे. पूजेची जागा म्हणून यांनी नेमका तोच माथा धरला होता. किती दसऱ्यांचा तो प्रसाद होता कोण जाणे. दसऱ्यानंतर केर काढताना अक्षता फारशा सापडत नसत, आणि यांचा हात आता वयाने बेताचा झाला असावा अशी माझी समजूत होती.

थंडीच्या दिवसांत तो पंखा जेठाच्या उन्हाळ्यातल्या कूलरसारखा का घरघरत होता, ते कळलं. गरम झालं की प्रोसेसर स्वतःला जपायला वेग कमी करतो.

"माझं विमान पूजेनेच खाली बसवलंस," हे म्हणाले.

"फुलं तुम्ही वाहता."

"भक्ती जरा जास्त झाली," एवढं त्यांनी कबूल केलं.

मऊ ब्रश, भुवयांचा चिमटा आणि शेजाऱ्यांचा सायकलचा पंप यांवर दुपार गेली. फणी स्वच्छ झाल्यावर यांनी मेमरीचं पाकीट उचललं आणि मी ते काढून घेतलं. आधी जुन्या मेमरीवर उडून बघा. यावर यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही, पण बसले. प्रोसेसरचा वेग टप्पाभर जागचा हलला नाही. इमारती अगदी सुरळीत येत होत्या. आणि तळ्याच्या काठावर चित्र पुन्हा गोठलं, कारण मेमरी भरलेलीच होती. दुखणी खरोखरच दोन होती. मला झालेलं समाधान मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. मग जुन्या पट्ट्या काढून त्याच खाचांमध्ये नव्या बसवल्या. दोन्ही बाजूंनी टक् असा आवाज येईपर्यंत दाबायच्या असतात. प्रोसेसर जुनाच राहिला आणि अजून आहे.

मी म्हटलं, एकदा उतरून बघा. हे नाही म्हणाले. पहिलं उतरणं तिच्यासमोर.

त्या रविवारी आमच्याकडे संध्याकाळ होती, तुमच्याकडे सकाळ. तुम्ही दोघं फोनवर रजईत गुंडाळून बसला होता. आमचा फोन गजकच्या डब्याला टेकवून उभा केला होता. डबा यांनी मुद्दाम आणून ठेवला होता. सामान विसरलं म्हणायला नको. तळं आलं. उंच मनोरा दिसला. जिथे दर वेळी चित्र गोठायचं तिथे यांची बोटं जॉयस्टिकवर पांढरी पडली, आणि मी पुढची ओळ वाचायची विसरले. "फ्लॅप्स," हे स्वतःच म्हणाले आणि स्वतःच "हूं" म्हणाले. इमारती बाजूने निघून गेल्या. तळ्यातल्या बेटावरची धावपट्टी समोर आली. विमान एकदा उसळलं, परत टेकलं आणि थांबलं.

धाकट्याने टाळ्या वाजवल्या. मोठीने विचारलं, "आता राहणार ना?"

हे चष्मा पुसत होते. "आधी विमान लावायला जागा बघतो," म्हणाले.

गजक आम्हीच खाल्ली. तुमची वेगळी बांधून ठेवली आहे, येणाऱ्या कुणाबरोबर पाठवू. येत्या नवमीला फुलं ताम्हनात, ताम्हन शेजारच्या स्टुलावर, असं ठरलं आहे. यांनी अक्षता दोनच वाहीन म्हटलं आहे, बघू.

तेव्हापासून हे ग्वाल्हेरला परत उडाले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, घाई काय आहे. रोज चहानंतर तुमच्या बेटावरून उडतात, तुमच्या शाळेवरून एक चक्कर मारतात, आणि विमान परत तिथेच लावून ठेवतात.