नर्सबाईंची चामडी बॅग

आमच्या शेजारच्या नर्सबाई पावसात छत्री बॅगेवर धरतात आणि स्वतः भिजतात. दर रविवारी ओट्यावर बसून चामड्याला एरंडेल चोळतात, शिवणींत बोटानं मेण भरतात. कुणी हसलं की म्हणतात, "माणूस पुसलं की वाळतंय. चामडं कुजतंय."

परवा कपिलधारहून येताना आमची जीप तापून बंद पडली. जवळच ओढा होता, पण पाणी आणायला भांडं नव्हतं. बाईंनी बॅगेतलं सगळं माझ्या पदरात ओतलं, ओढ्याकडे पळाल्या आणि बॅगच काठोकाठ भरून आणली. शिवणीतून एक थेंब गळत नव्हता. मी बघतच राहिले.

"बगता काय?" बाई लई खुशीत होत्या. "आत जात न्हाई, तर बाहेर कावून यील?"