या आठवड्यात कुणाला सांगितलंस?

सावित्राबाईला लिहितावाचता येत नाही, हे वडिवळ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तिला काय येतं, ते मात्र अनिताला कळायला बराच काळ जावा लागला.

अनिता वडिवळ्यातल्या शेतकरी घरातली सून. नवरा अमृत तळेगावला कंपनीत, आज दिवसपाळी तर उद्या रातपाळी. त्यामुळे धरणाखालची भातखाचरं तीच बघायची. तांदूळ इंद्रायणी. तिच्या घरी भात शिजला की रस्त्यावरून जाणारा माणूस मान वळवून बघे. पण दरवर्षी मळणी उरकली, की व्यापाऱ्याचा टेम्पो दारात यायचा, पोती चढायची आणि विषय संपायचा. तो तांदूळ पुढे कुठे जातो, कोण खातो, हे अनिताने कधी विचारलं नव्हतं.

एकदा ती लोणावळ्याला नणंदेकडे गेली. नणंदेने दुकानातून पुडा आणला होता, वर छापलं होतं ‘मावळचा अस्सल इंद्रायणी’. भात पानात पडला आणि अनिताचा घास तोंडातच राहिला. ना वास, ना चिकटपणा. कशात काय मिसळलं होतं कोण जाणे. तिला वाटलं, आपण चिखलात उभं राहून जे पिकवतो, ते असं कुणाच्याही नावाखाली, कशातही मिसळून जातं. त्या वर्षी टेम्पो आला तेव्हा तिने त्याला परत पाठवलं. अमृत म्हणाला, “बघ बाई, विकायचं कसं ते तुझं तू बघ.”

“बघते की,” अनिता म्हणाली.

तिने भात भरडून आणला, पोती माजघरात रचली, फाटकावर ठळक अक्षरांत पाटी लावली आणि वाट बघत बसली. धरणावर फिरायला आलेली पोरं मोटारसायकली उडवत पाटीसमोरून निघून जायची. महिना गेला. मग तिने फोनवर पुण्यातला एक माणूस गाठला. “मॅडम, तुम्ही फक्त तांदूळ पिकवा, जाहिरातीचं आमच्यावर सोडा,” असं तो म्हणाला आणि अनिताला हायसं वाटलं. तिने सगळं त्याच्यावर सोडलं. त्याने फोनवर तिच्या नावाचं पान काढलं, त्यावर शेताचा फोटो टाकला. शेत हिरवंगार होतं, पण मागे नारळाची झाडं होती. वडिवळ्यात कुठली आलीत नारळाची बाग! थोड्याच दिवसांत त्या माणसाने फोन उचलणंही सोडलं.

सावित्राबाई डोंगरावरच्या ठाकरवाडीतली. साठी उलटलेली, काटक, नाकात चमकी. बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन ती कामशेतला जायची. पाटीत कधी रानभाज्या, कधी करवंदं, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेल्या मधाच्या बाटल्या. जाताना अनिताच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकायची. त्या दिवशी अनिताने तिच्यापुढे सगळं गाऱ्हाणं ओतलं.

“त्या मेल्यानं फसवलं मला, मावशी.”

“त्यानं कशाला फसवलं? तांदूळ तुजा आन तोंड त्याचं. कसं जुळायचं?”

“मग काय करू? दारोदार हिंडू?”

“कुनाला सांगितलंस का, माज्याकडं तांदूळ हाय म्हनून?”

“पाटी लावलीय की फाटकावर.”

सावित्राबाईने फाटकाकडे पाहिलं. “पाटी मान्साच्या मागं जाती व्हय?”

अनिताला राग आला. सांगायची तिला लाज वाटायची. आमचा तांदूळ घ्या, असं म्हणणं तिला हात पसरल्यासारखं वाटे. ते तिने बोलून दाखवलं नाही, पण म्हातारीला कळलं असावं. पाण्याचा तांब्या खाली ठेवत ती म्हणाली, “आता दर बाजाराला मी हितं टेकनार. आठवड्यात कुनाला सांगितलंस ते मला सांगायचं. पाच मान्सं, नावानिशी. मी बी माजी पाच सांगंन.”

“आणि घेतलंच नाही कुणी तर?”

“ते मी इचारनार न्हाई. घेनं त्येंच्या हातात. सांगनं आपल्या.”

पहिल्या आठवड्यात अनिताने दोघींना सांगितलं. दुसऱ्यात एकीला. तिसऱ्यात पोराची परीक्षा, पाहुणे, काही ना काही निघालं आणि एकही नाव झालं नाही. रिकाम्या हाताने सांगायचं कसं? म्हणून तिने एक बाई रचली. “निगडीच्या मानसीताई. लेकीचं डोहाळजेवण आहे, त्याला आपलाच तांदूळ न्यायचा म्हणत होत्या.” सावित्राबाईने मान डोलावली आणि ती बाजाराला गेली.

महिनाभराने चहा पिताना तिने सहज विचारलं, “त्या मानसीताईच्या लेकीचं डोहाळजेवण झालं का गं?”

“कोण मानसीताई?” अनिता बोलून गेली आणि मग तिचा चेहरा उतरला.

सावित्राबाईने अर्धा चहा तसाच ठेवला, चुंबळ डोक्यावर बसवली, पाटी उचलली. पायरी उतरताना एवढंच म्हणाली, “तू माज्याशी खोटं बोललीस, ते तुजं तुला. पन त्या बाईला मी महिनाभर ध्यानात धरून व्हते. लेक सुखरूप असंल का, म्हनून.”

अनिता कितीतरी वेळ त्या कपाकडे बघत राहिली. कुणी रागावलं असतं तर तिने परतून उत्तर दिलं असतं. इथे एका बाईने नसलेल्या लेकीची काळजी वाहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने साधा भात शिजवला, मोठ्या डब्यात भरला आणि कामशेतच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. “मी वडिवळ्याची. हा माझ्या शेतातला तांदूळ. नुसताच खाऊन बघा,” एवढंच बोलली. पुढच्या आठवड्यात लोणावळ्याच्या बंगल्यांवर गेली, तिथल्या राखणदारांशी बोलली. फोनमधल्या ओळखीच्यांना तिने एकेकाला, त्याचं नाव घेऊन, स्वतःच्या आवाजात निरोप पाठवला. त्या फोनवरच्या पानावर आपल्या बांधावरचा, मागे धरणाची भिंत दिसते असा फोटो टाकला. आधी सांगितलेल्यांसकट, भेटलेल्या प्रत्येकाचं नाव ती वहीत लिहू लागली.

कार्ल्याला हमरस्त्यावर अंबाजीचं हॉटेल होतं. तो डबा उघडायलाही तयार नव्हता. “बाई, इथं बस थांबते वीस मिनिटं. वास घेत कोण बसतोय?”

बाजाराच्या दिवशी तिने ते खाली मान घालून सांगितलं. सावित्राबाईने बोट दुमडलं. “अंबाजी. हा एक झाला.”

“पण तो नाही म्हणाला, मावशी.”

“त्याचं त्यानं केलं. तुजं तू केलंस.”

असे आठवडे जात राहिले. हळूहळू पोती कमी होऊ लागली, पण अनिताला त्याहून नवल वाटायचं ते म्हातारीच्या नेमाचं. ऊन असो, लग्नसराई असो, पाटीत माल असो की नसो, ती यायची. स्वतःची पाच नावं सांगायची, अनिताची पाच ऐकायची आणि उठायची.

श्रावणात एका बाजाराला ती आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. अनिताने डोंगर चढायला घेतला. वाडीत सावित्राबाईचा नवरा शिदू दारातच भेटला. शेवाळावरून पाय घसरून ती कड्याखाली पडली होती, पाय मोडला होता. आठ दिवस दवाखान्यात काढून कालच घरी आणली होती. आत अंधाऱ्या खोलीत, पाय उशीवर टाकून ती पडली होती. अनिताच्या डोळ्यांत पाणी आलं.

“रडतीस काय,” सावित्राबाई म्हणाली. “कुनाला सांगितलंस?”

अनिताने डोळे पुसत दोन आठवड्यांची नावं सांगितली. “आणि आता तुमचं काही विचारत नाही मी, मावशी. तुम्ही पडून होतात.”

“तोंड कुटं मोडलं व्हतं?” तिने बोटं दुमडायला सुरुवात केली. “पयला तो प्लास्टर घालनारा, उमेश. त्याच्या आईला खोकला, तिला मध पायजे. मंग शेजारच्या खाटंवरची आक्काबाई, पवनेकडची. तिचा जावई. आन ती करिष्मा, सुई टोचनारी पोर, तिला तुजा तांदूळ बी सांगितला.”

असं करत दहाच्या दहा नावं झाली. पाय मोडून खाटेवर पडलेल्या बाईने एकही आठवडा चुकवला नव्हता. अनिताने पिशवीतून वही काढली. “मला तर लिहून ठेवावं लागतं.”

“वाच मनात. मी चुकते का बघ.”

आणि सावित्राबाई बोलू लागली. स्वतःची नव्हे, अनिताची नावं. पहिल्या आठवड्यातल्या त्या दोघी. मग ती एकटी. शाळेतले मास्तर, एकामागून एक, कोण कुठल्या वर्गाला शिकवतो त्यासकट. बंगल्यावरचा राखणदार, ज्याची बायको गावी होती. अनिताचं बोट वहीवर सरकत होतं आणि तिथे पोचायच्या आत नाव कानावर येत होतं. पानं उलटत गेली. निगडीच्या मानसीताईचं नाव तिने घेतलं नाही. वहीतलं शेवटचं नाव झालं तरी ती थांबली नाही. “आन टपाल टाकनारा. त्याला सांगितलं म्हनालीस, बेंदराच्या आदल्या दिशी.”

अनिताने वही पुन्हा चाळली. टपालवाला लिहायचाच राहिला होता. वहीत एकशे सहा नावं होती. म्हातारीपाशी एकशे सात.

मोठ्या देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यावर जसं गप्प व्हायला होतं, तसं अनिताला त्या कुडाच्या खोलीत झालं. “एवढं राहतं कसं हो तुमच्या ध्यानात?”

सावित्राबाईला प्रश्नच विचित्र वाटला. “मान्सानं आपलं नाव दिलं म्हंजे कायतरी दिलंच की, बाय. ते ठेवाया नको?”

त्यानंतर चार-पाच महिने बाजाराच्या दिवशी अनिताच डोंगर चढायची. येताना मधाच्या बाटल्या खाली आणायची, उमेशच्या आईपर्यंत पोचवायची. आणि कात्रजपासून पिंपरीपर्यंत माणसं तिच्या नव्या तांदळासाठी आधीच नावं नोंदवून बसली होती, कारण जुना संपला होता. मळणीनंतर टेम्पो दारात आला, तेव्हा अमृतनेच बाहेर जाऊन सांगितलं, “या वर्षी न्हाई. पुढच्या वर्षी बी न्हाईच.” अंबाजीने मात्र अजून दाणा घेतलेला नाही. अनिता महिन्यातून एकदा त्याच्याकडे जातेच.

या जानेवारीत सावित्राबाई काठी टेकत पुन्हा हिंडू लागली. कामशेतच्या बाजारात पाटी घेऊन फिरणं जमत नाही म्हणून शिदू तिला जीपने कार्ल्याला सोडतो आणि ती, पूर्वी जत्रेच्या दिवसांत बसायची तशी, डोंगराच्या पायथ्याशी बाटल्या मांडून बसते. एका रविवारी अनिता तिला भेटायला गेली. लेणी बघून आलेली एक बस सुटायच्या बेतात होती. एक वयस्कर बाई घाईने पायरी चढत होती, तेवढ्यात सावित्राबाईने हाक मारली, “सरूबाई! सासवडच्या ना तुमी? मागल्या साली आलता. सुनंला मूल व्हत नव्हतं, म्हनाला व्हता.”

त्या बाईचा एक पाय पायरीवरच राहिला. तिने वळून पाहिलं. वर्षाकाठी शेकडो माणसं जातात त्या वाटेवरून. तिने तोंडाला पदर लावला, मग हसू लागली, मग खाली उतरून सावित्राबाईचे दोन्ही हात हातात घेतले. “मुलगी झाली हो! दीड महिन्याची आहे.”

ड्रायव्हर दाराशी येऊन उभा राहिला होता. हॉर्न वाजवायचंही विसरून तो त्या दोघींकडे बघत होता. अनिता त्याच्याकडे गेली.

“दादा,” ती म्हणाली, “मी वडिवळ्याची, तांदूळ पिकवते. तुमचं नाव काय?”