जोयड्याच्या खोपटातली न्याहारी

लग्न होऊन मी दिग्गीला आले तेव्हा सतरा वर्षांची होते. आमचे हे जंगलखात्यात गार्ड. माझं माहेर बेळगावच्या पूर्वेचं, उघड्या रानाचं. तिथं दारात उभं राहिलं की चार गावं दिसायची. दिग्गीत नुसती झाडं. त्या वर्षी दिवाळी होताच हे सागवान तोडायच्या कामावर गेले, ते दोन महिने फिरकले नाहीत. निरोपही नाही. शेजारीण मायेची होती, रोज पेज आणून द्यायची; पण तिची बोली मला निम्मीच कळे. दिवसच्या दिवस माझ्या तोंडून शब्द निघत नसे.

शेजारणीचा म्हातारा सासरा बैलगाडीत भाताची पोती घालून जोयड्याला निघाला, तेव्हा मी म्हटलं, मीही येते, जंगलखात्याच्या कचेरीत ह्यांची चौकशी करते. गाडीत बसताना शेजारीण म्हणाली, जोयड्यात वाटेवर एका नवराबायकोनं खोपट घातलंय, बाई तुझ्याच मुलखाची आहे, भाकरी भाजून विकते.

झालं. कचेरी राहिली बाजूला. वाटभर मी त्या बाईशी मनातल्या मनात बोलत होते. गावाचं नाव सांगितलं तर ओळखेल का? जोंधळ्याची भाकरी थापताना ती आमच्याकडच्यासारखी गाणं म्हणत असेल का? बाजारकुणंगला एका घरच्या ओटीवर मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या सुमारास जोयड्याला पोचलो.

खोपटात एक तिशीतला माणूस होता. बाई दिसेना. त्यानं माझ्याकडे न बघता म्हाताऱ्याला विचारलं, "किती जन?"

"मी न्हाई. ह्या दिग्गीच्या बायमाणसाला दे."

"मागल्या अंगाला बसू द्यात."

मी मागं जाऊन कुडाकडे तोंड करून ओंडक्यावर बसले. बाहेरचं खाण्याची आयुष्यातली पहिलीच वेळ. त्यानं पत्रावळ आणून ठेवली. वर मक्याची भाकरी, थंडगार, कडेला चिरा गेलेली. घेवड्याचे दाणे, तेही कच्चेच. खर्ड्यात मिरचीपेक्षा मीठच जास्त. आमच्याकडं मक्याची कणसं भाजून खायची. भाकरी व्हायची ती जोंधळ्याची.

"जोंधळ्याची न्हाई व्हय?" मी कुडाआडून विचारलं.

"जोंधळा संपला."

"आन तुमची मंडळी?"

मला वाटलं, विचारायला नको होतं.

"गेली," तो म्हणाला. "हितं करमंना म्हनायची. रानाचं भ्या वाटतंय म्हनायची. येक दिस खानापूरची गाडी हुबी हुती, तीत बसली आन गेली. आता येत न्हाई म्हून सांगावा धाडलाय."

मी दाणे चावत राहिले.

"तुमास्नी करमतंय व्हय दिग्गीत?"

दिग्गीत आल्यापासून हे मला कुणीच विचारलं नव्हतं. ह्यांनीसुद्धा नाही. पाणी प्यायले आणि म्हणाले, "व्हय. करमतंय."

"दानं कच्चं ऱ्हायलं न्हवं?"

"न्हाई, चांगलं हाईत."

अर्धी भाकरी तशीच पत्रावळीत गुंडाळून टाकली आणि गाडीत येऊन बसले. कचेरीतल्या कारकुनानं वर न बघता सांगितलं की तोड संपेपर्यंत कुणी परतणार नाही. परतीच्या वाटेवर म्हातारा एकदाच बोलला. "प्वाट भरलं?" मी मान हलवली.

हे शिमग्याला आले. मी न्याहारीची गोष्ट सांगितली तेव्हा खूप हसले, म्हणाले, "मक्याची भाकरी खायला जोयड्यापतूर गेलीस?" मीही हसले. त्या बाईचं काही सांगितलं नाही. तिचा राग यायला हवा होता, असं मला तेव्हा वाटायचं. नवऱ्याला तसं टाकून जाणं बरं नव्हे. पण दुपारी अंगणात भात वाळत घालताना ती मला गाडीत बसलेली दिसे, पदर सावरत, मागं न बघता, आणि माझे हात थांबत.

मी दिग्गीत आणखी नऊ वर्षं काढली.